नव्वद मिनिटांत जन्मभराची गाणी: संक्रांतीपासून मारबतीपर्यंत

बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा मी त्यांना एक पेनड्राइव्ह दिला. त्यात दोनशे बारा गाणी होती. नागपुरात महाल भागातल्या घरी सगळे जमले होते, मोठा स्पीकर लावला होता, आणि अकराव्या गाण्याला बाबांनी हात वर केला. "अरे, हे ते गाणं नाही. बाई तीच म्हणून राहिली, पण मागून हे काय ढबढब वाजून राहिलं?"

मी टाकलं होतं ते नव्वदच्या दशकातलं 'झंकार बीट्स'वालं रूप. जुन्या ध्वनिमुद्रणावर कोणीतरी ढोलक आणि मशीनचे ठोके चढवून ते पुन्हा विकलं होतं. बाबांनी ते गाणं तरुणपणी रेडिओवर ऐकलेलं, त्यात असलं काही नव्हतं. नंतर मोजलं तर दोनशे बारापैकी एकोणतीस गाण्यांत असाच काही ना काही घोळ निघाला. उरलेल्यांपैकी निम्मी बाबांची नव्हतीच. बाबांना आवडतील असं मला वाटलेली ती होती.

त्यानंतर स्वतःच्या जन्मभराच्या गाण्यांची यादी केली, मग बाबांची त्यांच्याकडूनच करून घेतली, आणि आता ओळखीतले लोक विचारायला येतात. सगळे चुकतात ते एकाच ठिकाणी, क्रमात. आधी ऐकतात, मग यादी करतात. आधी फाइल उतरवतात, मग गाणं तेच का ते बघतात. आणि मधला थांबण्याचा टप्पा तर कोणाला नकोच असतो. खाली दिलेला क्रम सुमारे आठ महिन्यांचा आहे, संक्रांतीपासून ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीपर्यंत. एका रविवारी उरकायचं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

## तयारी: आधी माप, मग गाणी

किती गाणी घ्यायची हे सुरुवातीलाच ठरवा, आणि ते संख्येत न ठरवता मिनिटांत ठरवा.

पूर्वी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कॅसेट भरून देणारी दुकानं होती. चिठ्ठीवर गाणी लिहून न्यायची, दुकानदार विचारायचा, "भाऊ, साठची भरू का नव्वदची?" नव्वदची म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. चिठ्ठी लांबली की शेवटचं गाणं अंतऱ्यावरच कापलं जायचं, म्हणून आपण घरूनच काटछाट करून जायचो. ती काटछाट हीच खरी निवड होती. फोनमध्ये हजार गाणी मावायला लागली आणि निवडायची सवयच गेली.

म्हणून माप नव्वद मिनिटांचं ठेवा. अ बाजू पंचेचाळीस, ब बाजू पंचेचाळीस. भावगीतं आणि सिनेमाची गाणी घेतली तर वीस-बावीस बसतात. कोणाला अर्ध्या तासाचा ख्याल हवा असेल तर जरूर घ्यावा, पण त्यासाठी सात गाण्यांवर पाणी सोडावं लागतं. गाण्यांची संख्या ठरवली तर लांब गाण्यांना फुकट जागा मिळते, मिनिटं ठरवली तर प्रत्येकाला भाडं भरावं लागतं. बीबीसी रेडिओवरच्या 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' कार्यक्रमात १९४२ पासून पाहुण्याला आठ ध्वनिमुद्रणं निवडायला सांगतात. माझ्या मते आठ फार कमी. आठ म्हटलं की माणूस स्वतःसाठी निवडत नाही, ऐकणाऱ्यांवर छाप पडेल असं निवडतो.

सामान थोडंच लागतं:

- दोनशे पानी वही. फोनमधली नोंद चालत नाही, कारण नोंद उघडायला गेलं की बोट गाणं वाजवायला जातं.
- एक बऱ्यापैकी हेडफोन किंवा स्पीकर. महागडा नको, पण फोनचा स्वतःचा भोंगाही नको. त्यातून खर्जातलं काही येत नाही.
- पंचांग किंवा साधं दिनदर्शिकेचं पान. त्यावर तीन दिवसांना खूण करा: संक्रांत, अक्षय तृतीया, पोळा.

इशारा: नवरा-बायकोने मिळून एक यादी करू नये. दोघांच्या दोन वह्या. मिळून केलेल्या यादीत दोघांनाही चालणारी गाणी उरतात, दोघांपैकी एकाचीही जिवाभावाची उरत नाहीत.

## टप्पा १: कच्ची यादी, एकही गाणं न ऐकता (संक्रांतीपासून तीन आठवडे)

हे तीन आठवडे गाणं लावायचं नाही. नुसतं आठवायचं आणि लिहायचं. ऐकायला सुरुवात केली की ॲप पुढचं गाणं सुचवतं, ते बरंच वाटतं, तेही वहीत जातं, आणि आठ दिवसांत यादी तुमची न राहता ॲपची होते. 'सर्वाधिक ऐकलेली गाणी' ही फोनमधली यादीही बघू नका. माझ्या त्या यादीत पहिल्या क्रमांकावर नातीचं बडबडगीत आहे.

आठवताना 'मला कोणतं गाणं आवडतं?' असा प्रश्न विचारू नका, त्याला डोकं उत्तर देत नाही. जागा आठवा, जागेमागून गाणं आपोआप येतं. शाळेचं गॅदरिंग. आजीच्या घरचं भजनी मंडळ. काटोलला जाणाऱ्या एसटीत ड्रायव्हरमागे लावलेला टेप. मे महिन्यातल्या दुपारी कूलरच्या घरघरीतून अर्धवट ऐकू येणारी विविध भारती. रात्री दहाचं 'छायागीत'. विदर्भ एक्सप्रेसची खिडकी. गणपतीच्या मांडवातला कर्णा. पहिला पगार. कोणाच्या तरी लग्नातली पंगत.

प्रत्येक ओळीत दोनच गोष्टी लिहा: गाण्याचे आठवतील ते शब्द आणि ते कुठे ऐकलं. गायक, सिनेमा, साल आत्ता नको. "बुटीबोरीचा ढाबा, बाईचा आवाज, पावसाबद्दल काहीतरी" एवढीही नोंद चालते. शंभर-सव्वाशे ओळी झाल्या की थांबा.

आईवडिलांची यादी करत असाल तर त्यांनाही जागाच विचारा. "बाबा, तुमची आवडती गाणी सांगा" म्हटलं की बाबा तीन नावं सांगून पेपर उघडायचे. "लग्नाआधी तुम्ही सिनेमाला कोणासोबत जायचे?" म्हटल्यावर चाळीस मिनिटं बोलले, आणि आई आतून कान देऊन ऐकत होती.

तपासा: यादीत 'चांगली' म्हणून लिहिलेली पण जागा न आठवणारी गाणी किती? दहापेक्षा जास्त असतील तर ती तुम्हाला आवडायला हवीत म्हणून लिहिली आहेत. त्यांच्यापुढे फुली मारू नका, प्रश्नचिन्ह ठेवा. पुढे त्यांचा निकाल लागेल.

## टप्पा २: नेमकं कोणतं ध्वनिमुद्रण? (चार आठवडे)

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे घाई करू नका. गाणं ही एक गोष्ट नसते. शब्द एक, चाल एक, आवाज एक आणि त्या दिवशी स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण आणखी एक. तुमच्या मनात बसलेलं असतं ते ध्वनिमुद्रण. त्याच नावाचं दुसरं काही चालत नाही.

आता प्रत्येक ओळीपुढे पाच गोष्टी भरा: गायक, संगीतकार, गीतकार, साल आणि लांबी मिनिट-सेकंदांत. लांबी विसरू नका. दोन रूपं वेगळी असल्याचं सर्वात आधी लांबीवरून कळतं.

कुठे कुठे फसगत होते ते सांगतो.

तबकडी आणि सिनेमा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त मावत नसे. त्यामुळे सिनेमात असलेलं एखादं कडवं तबकडीवर नसतं, किंवा संगीताचे तुकडे छाटलेले असतात. रेडिओवर ऐकून मोठे झालेल्यांना तबकडीचं रूप पाठ, थेटरात ऐकलेल्यांना सिनेमाचं. दोघंही खरं बोलत असतात.

रेडिओचं रूप आणि नंतरचं रूप. 'गीतरामायण' हवं असं तुम्ही लिहिलं असेल तर कोणतं, तेही लिहा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ती छप्पन गीतं प्रसारित झाली तेव्हा वेगवेगळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती. नंतर घराघरात पोचलं ते सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं. तुमच्या आजीला एखादं गीत बाईच्या आवाजात आठवत असेल तर ती चुकत नाही.

छोटं केलेलं रूप. नागपूरच्या राजा बढ्यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळ्यांनी चाल लावलेलं आणि शाहीर साबळ्यांनी गायलेलं महाराष्ट्र गीत २०२३ मध्ये राज्यगीत झालं, ते दोन कडव्यांचं, १ मिनिट ४१ सेकंदांचं. मूळ गीत त्याहून मोठं आहे. शोधताना आधी समोर येईल ते उचललं तर अर्धं गाणं हाती लागायची शक्यता जास्त.

एकच अभंग, अनेक चाली. तुकोबांचा किंवा चोखोबांचा अभंग नुसत्या पहिल्या ओळीने शोधला तर पाच चाली निघतात. इथे गायकासोबत संगीतकाराचंही नाव जुळलं पाहिजे.

नव्या गळ्यातली जुनी गाणी. वेष्टनावर मूळ सिनेमाचं नाव मोठं आणि गाणाऱ्याचं नाव बारीक. ॲपवर तर कित्येकदा गाणाऱ्याच्या जागी मूळ गायकाचंच नाव चिकटवलेलं असतं. कानांवर विश्वास ठेवा, लेबलवर नको.

झंकार, रिमिक्स, लाइव्ह. मूळ मुद्रणात सुरुवातीला शांतता असते, मग वाद्य येतं. झंकारवाल्यात पहिल्या सेकंदापासून ठेका धावतो. लाइव्हमध्ये टाळ्या येतात, पण काही वेळा त्या कापलेल्या असतात, तेव्हा शेवट ऐका. मूळ सिनेगीत बऱ्याचदा हळूहळू विरत जातं, मैफलीतलं तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन, थांबतं.

आता उलटी फसगत. मूळ ध्वनिमुद्रण सापडतं, पण 'हे ते नाही' असं वाटतं. याची कारणं दोन. मध्यम लहरीवरच्या रेडिओत वरच्या पट्टीतला नाद छाटला जातो, त्यामुळे लहानपणी ऐकलेलं गाणं जाड, पोटातून आल्यासारखं वाटायचं. आता तेच स्वच्छ ऐकलं की कोरडं वाटतं. दुसरं कारण घरचा टेपरेकॉर्डर. आमच्याकडच्याचा रबरी पट्टा ढिला होता, सगळी गाणी थोडी संथ आणि खाली उतरून वाजायची. एका गायकाला मी कित्येक वर्षं फार धीरगंभीर समजत होतो, तो सगळा त्या पट्ट्याचा प्रताप. अशा वेळी गाणं बाद करू नका. त्याच मुद्रणाला चार-पाच दिवस द्या, कान जुळवून घेतात.

तपासा: प्रत्येक गाण्याला एकच लांबी लिहिलेली आहे का? दोन लिहिलेल्या असतील तर दोन्ही रूपं शेवटपर्यंत ऐकून एक खोडा. "दोन्ही ठेवू" हा पर्याय नाही.

या चाळणीतून शंभरेक गाणी उरतात. वीसेक सापडतच नाहीत. त्यांचं दुःख करू नका, वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा. माझ्या मागच्या पानावरची चार गाणी गेल्या तीन वर्षांत कुठल्या कुठल्या लग्नात सापडली.

## टप्पा ३: ऐकणं (सात आठवडे)

दिवसाला तीनच. शंभर गाण्यांना चौतीस दिवस लागतात. उरलेल्या दोन आठवड्यांत ज्यांच्याबद्दल मन ठरत नाही ती चाळीसेक पुन्हा ऐका.

फोन पालथा ठेवा. चित्र दिसत असेल तर तुम्ही नट बघता, गाणं ऐकत नाही. गाडी चालवताना, भाजी चिरताना, तर्री पोहे खाताना ऐकलेलं यात धरायचं नाही. एप्रिलमध्ये कूलर सुरू असेल तर पहाटेची वेळ बरी, कारण कूलरच्या आवाजात तंबोरा आणि व्हायोलिन दोन्ही बुडतात आणि आवाज वाढवला की गायक ओरडतो.

प्रत्येक गाण्यात एकच गोष्ट बघा: दुसऱ्या अंतऱ्याला तुम्ही तिथेच होता का? मुखडा सगळ्यांचाच चांगला असतो, तो तसाच बांधलेला असतो. मुखड्यावर प्रेम करणं म्हणजे पत्रिकेवर बघून लग्न ठरवणं. दुसऱ्या अंतऱ्यात मन बाहेर गेलं, म्हणजे सिलिंडर लावायचा राहिला, लाइटबिल भरायचं आहे वगैरे आठवलं, तर त्या ओळीपुढे एक ठिपका द्या. दोनदा ऐकून दोन्ही वेळा ठिपका पडला तर गाणं बाद.

गाणं संपल्यावर मिनिटभर काही लावू नका. पुढचं लगेच सुरू झालं तर आधीच्याचा शेवट कळतच नाही.

इशारा: रडू आलं म्हणून गाण्याला जास्त गुण देऊ नका. आत्ताच घरात कोणी गेलं असेल तर ही यादी वर्षभर पुढे ढकला. त्या दिवसांत सगळीच गाणी खरी वाटतात.

## टप्पा ४: चाळण्या (अक्षय तृतीयेच्या आधीचा एक रविवार)

हा टप्पा पटकन उरकतो. वही उघडा, गाणी लावू नका, तीन प्रश्न विचारा.

हे गाणं आठवतं की त्या गाण्यासोबतचा माणूस आठवतो? माणूस आठवत असेल तर गाणं बाद नाही, पण त्यापुढे 'मा' लिहा. नव्वद मिनिटांत 'मा'वाली पाच-सहापेक्षा जास्त नकोत. नाहीतर यादी न राहता ती तसबिरींची भिंत होते.

हे गाणं मी चारचौघांत सांगायला बरं वाटतं म्हणून ठेवलं आहे का? पहिल्या टप्प्यातली प्रश्नचिन्हं इथे निकालात निघतात. वसंतराव देशपांडे सभागृहात मैफल ऐकून आल्यावर माणूस आठ दिवस शास्त्रीयच लिहितो. ते खरं असू शकतं. तिसऱ्या टप्प्यात त्याला ठिपका पडला नसेल तर ठेवा.

हे गाणं माझ्या आयुष्यात येऊन दोन वर्षं झाली का? झाली नसतील तर पुढच्या वर्षीच्या पानावर.

आणखी एक बघायचं. गाण्यांच्या सालांवरून तुमचं तेव्हाचं वय काढा. होलब्रुक आणि शिंडलर या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये दाखवलं की साधारण २३-२४ व्या वर्षी कानावर असलेली गाणी माणसाला सर्वात प्रिय राहतात. त्यामुळे कॉलेजच्या आसपासची गर्दी दिसली तर ती चूक समजू नका. पण सगळीच त्याच सात वर्षांतली असतील तर लहानपणीचं आणि चाळिशीनंतरचं काहीतरी आठवायचं राहिलं आहे. एकदा पहिल्या टप्प्यावर जाऊन या.

आता पंचेचाळीस-पन्नास गाणी हाती असावीत.

## टप्पा ५: दुरावा (अक्षय तृतीया ते पोळा)

वही बंद. गाणी बंद. चार महिने, मध्ये अधिक महिना आला तर पाच.

लोक इथेच कच खातात. "ऐकलंच नाही तर आवडतं की नाही कसं कळणार?" ऐकत राहिल्यानेच ते कळत नाही. रोज लावलेलं गाणं हे चहासारखं असतं, नसलं की चुकल्यासारखं वाटतं. त्याला आवड म्हणता येत नाही. दुराव्यात सवय गळून पडते आणि खाली काही होतं का ते दिसतं. यादीतली पंचेचाळीस सोडून बाकी जगातलं काहीही ऐका, उपास नाही हा.

या काळात एकच काम. खिशात एक छोटी डायरी ठेवा, आणि यादीतलं एखादं गाणं आपोआप ओठांवर आलं की तारीख आणि जागा टिपा. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला, कूलरमध्ये पाणी भरताना, बँकेच्या रांगेत. कोणी लावलेलं ऐकून आलेलं धरायचं नाही. मे महिना लग्नांचा, गल्लीतल्या डीजेने डोक्यात घातलेलं गाणं तुमचं नव्हे.

माझ्या डायरीत एक भावगीत चौदा वेळा आलं. ते मी यादीत जरा लाजतच ठेवलं होतं, फार साधं आहे म्हणून. आणि ज्या ठुमरीबद्दल मी मित्रांशी वाद घातले, ती चार महिन्यांत एकदाही आली नाही.

इशारा: पावसाळ्याच्या पहिल्या सरीला वही उघडायचा मोह होतो. उघडू नका. पावसाची गाणी पावसात नेहमीच पास होतात, ती मार्चमध्ये पास व्हायला हवीत.

## टप्पा ६: मारबतीचा दिवस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, बडगे म्हणजे पुतळे निघतात, आणि गर्दी ओरडते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" आपल्याला जे नको ते गावाबाहेर काढायचा दिवस तो. गाणी काढायला यापेक्षा चांगला मुहूर्त मला माहीत नाही. मिरवणूक बघून या, जेवा, दुपारी बसा.

पंचेचाळीस गाणी एका दमात ऐकू नका, दोन-तीन दिवस घ्या. पण पहिली दहा त्याच दिवशी. आता परीक्षा वेगळी आहे. गाणं सुरू झालं की पुढची जागा येण्याआधी तुम्हाला ती माहीत असते. माहीत असूनही तुम्ही तिची वाट बघता का? वाट बघत असाल तर गाणं राहिलं. नुसतं "हो, हे आहे खरं" असं वाटत असेल तर ते ओळखीचं आहे, आपलं नाही.

माझं पहिल्या वर्षीचं सांगतो. खिडकी उघडी, बाहेर दमट हवा, लांबून ताशा. मी जे गाणं शंभर टक्के पक्कं धरलं होतं ते लावलं. मुखडा आला, छान. पहिला अंतरा आला, छान. दुसऱ्या अंतऱ्याला मी उठून दाराच्या कडीला तेल टाकत होतो. उठलो कधी ते कळलंही नाही. खोडताना पेन जड झालं, पण घेऊन जा गे मारबत.

डायरीतल्या नोंदींना इथे मान द्या. पाच किंवा जास्त वेळा आपोआप आलेलं गाणं सहसा खोडू नये, ऐकताना साधं वाटलं तरी.

तपासा: खोडलेल्या गाण्यांपैकी एखादं दुसऱ्या दिवशी सकाळी आठवून चुटपुट लागली का? एकदाच परत घेता येतं. दोन परत घेतलीत तर तिसरंही येईल, आणि मग सगळीच येतील.

## टप्पा ७: नव्वद मिनिटांत बसवणं

आता बेरीज. इथली चूक फार साधी आणि फार सार्वत्रिक आहे. गाण्याची लांबी ३.४० लिहितात आणि कॅल्क्युलेटरवर तशीच मिळवतात. ३.४०, ४.३५ आणि ५.५० यांची बेरीज कॅल्क्युलेटर १३.२५ दाखवेल. खरी बेरीज १४ मिनिटं ५ सेकंद. तीन गाण्यांत चाळीस सेकंद गेले, बावीस गाण्यांत चार-पाच मिनिटांचा फरक सहज पडतो. मिनिटं वेगळी मिळवा, सेकंद वेगळे मिळवा, सेकंदांना साठने भागा.

प्रत्येक बाजूला मिनिटभर मोकळं सोडा, म्हणजे गाण्यांमध्ये श्वास राहतो.

अ बाजूला घरात कोणी असताना लावता येतील अशी, ब बाजूला एकट्याची. एकाच गायकाची दोन गाणी शेजारी नकोत, दुसरं पहिल्याला खातं. एकाच रागावरची दोन शेजारी नकोत. लांब गाण्यानंतर छोटं. ब बाजूचा शेवट अशा गाण्याने करा ज्याच्यानंतर शांतता चालेल.

एखादं गाणं बसतच नसेल तर ते कापून बसवू नका. बर्डीच्या कॅसेटवर कापलेलं गाणं आजही माझ्या डोक्यात त्याच जागी थांबतं.

## टप्पा ८: जतन

ॲपवरची यादी म्हणजे जतन नव्हे. कंपनीचा परवाना संपला की गाणं एका सकाळी राखाडी होतं, किंवा त्याच नावाखाली दुसरंच मुद्रण येऊन बसतं. दुसऱ्या टप्प्यात लिहिलेली लांबी इथे उपयोगी पडते: ४.१२ चं गाणं ४.३१ झालं असेल तर कोणीतरी बदललं आहे.

गाणी विकत घ्या, सीडीवर किंवा फाइलच्या रूपात. नव्वद मिनिटं सीडीच्या दर्जाची ठेवली तर साधारण ९५० एमबी होतात. फ्लॅक या प्रकारात दाबून छोटी केली तर बहुतेक वेळा त्याच्या निम्मी किंवा थोडी जास्त, आणि दर्जा तोच. ३२० केबीपीएसची एमपीथ्री २१५ एमबीच्या आसपास. एमपीथ्रीवरून फ्लॅक बनवू नका. फाइल फुगते, गेलेला नाद परत येत नाही. ऑडिओ सीडीवर ऐंशी मिनिटंच मावतात, म्हणून अ आणि ब च्या दोन वेगळ्या सीडी करा.

घरी जुनी कॅसेट असेल आणि ते मुद्रण दुसरीकडे नसेल तर घाईने लावू नका. आधी प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेट पेन्सिलीने थोडी फिरवून बघा, अडत असेल तर जोर देऊ नका. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर सुटतात. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालूच नका, हेड आणि पुढच्या सगळ्या कॅसेट दोन्ही खराब होतात. संगणकावर ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर चालतं. आवाजाची पातळी लाल रेषेला लागू देऊ नका, खालीच ठेवा. नंतर वाढवता येते, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

प्रती तीन ठेवा: संगणकावर एक, बाहेरच्या हार्डडिस्कवर एक आणि दुसऱ्या घरी एक. पेनड्राइव्ह ऐकायला ठीक आहे, ठेवायला नाही. वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिला तर त्यातलं पुसलं जाऊ शकतं. आणि नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश असताना, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर सीडी, कॅसेट, पेनड्राइव्ह यांपैकी काहीही ठेवू नका. माझी एक कॅसेट तिथे पापडासारखी वाकली होती.

फाइलच्या नावात आधी क्रमांक द्या: अ०१, अ०२, नाहीतर मशीन क्रम आपल्या मनाने लावतं. गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात, त्या प्रतीपुरती रोमन नावं ठेवली तरी बिघडत नाही.

शेवटी वहीच्या पहिल्या पानावर पूर्ण यादी शाईच्या पेनाने लिहा, पाचही रकान्यांसह. तीनही प्रती गेल्या तरी या पानावरून सगळं पुन्हा जमवता येतं. दुसऱ्या घरच्या प्रतीसोबत या पानाची झेरॉक्स ठेवा.

## टप्पा ९: दर वर्षी एक

दर मारबतीला एकच गाणं बाहेर जाऊ शकतं आणि तेवढ्याच मिनिटांत बसणारं आत येऊ शकतं. एकही बदललं नाही तरी चालेल. दोन बदलायची इच्छा झाली तर एकाचं नाव पुढच्या वर्षीच्या पानावर लिहा, बऱ्याचदा पोळा येईपर्यंत ते मनातून उतरलेलं असतं.

बाबांची यादी शेवटी ८७ मिनिटं २० सेकंदांवर थांबली, एकवीस गाणी. अडीच मिनिटांत बसेल असं बावीसावं शोधू म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे. त्या टायमात टेप पलटवतो ना माणूस."

पलटवायला आता टेप नाही. ती मोकळी जागा मी दोन भागांत विभागून अ आणि ब च्या शेवटी ठेवली आहे.